एक कार्ड, तीन विभाग

कार्ड एकच होतं आणि मागणारे विभाग तीन. संगणक विभागाला मशीन लर्निंगच्या प्रात्यक्षिकांसाठी ते हवं होतं, मेकॅनिकलवाल्यांना सिम्युलेशनसाठी, तर सिव्हिलच्या एका सरांना ड्रोनने टिपलेल्या फोटोंमधून जमिनीचे त्रिमितीय नकाशे तयार करायचे होते. पहिल्यांना लिनक्स लागायचं, उरलेल्या दोघांना विंडोज, आणि त्या दोघांच्या सॉफ्टवेअरचं एका मशीनवर एकमेकांशी पटत नव्हतं. पुण्यातल्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका ग्राफिक्स कार्डावर त्याआधी एवढा पैसा कधी घातला नव्हता. ते कुणा एकाच्या केबिनमधल्या पीसीत बसलं असतं, तर बाकीच्यांच्या विद्यार्थ्यांना त्याचं दर्शनही झालं नसतं. म्हणून कार्ड संगणक केंद्रातल्या मोठ्या टॉवर सर्व्हरमध्ये गेलं, आणि तिथल्या व्हर्च्युअल मशीनमधून ते सगळ्यांना कसं वापरू द्यायचं हा प्रश्न केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमच्या टेबलावर आला.

मॅडम तिथल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. कॉलेजची वेबसाइट, ग्रंथालयाचा कॅटलॉग, हजेरी, अंतर्गत परीक्षांचे गुण हे सगळं मोजक्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीनच्या रूपात चालतं. एखाद्या सर्व्हरचा पंखा कुरकुरू लागला की मॅडम त्यावरची मशीन्स चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवतात, पंखा बदलतात आणि मशीन्स परत आणतात. निकाल लागलेला असताना, विद्यार्थी तेच पान पुन्हा पुन्हा उघडत असतानाही त्यांनी हे केलेलं आहे. हे जमतं, कारण आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला खरं हार्डवेअर दिसतच नाही. खाली कोणता सर्व्हर आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

तिला दिसतं ते सॉफ्टवेअरने उभं केलेलं हार्डवेअर. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लोकांसमोर आणलेला क्यूएमू हा प्रोग्रॅम अशा नकलेत फार तरबेज आहे. त्याच्यातलं जुनं, नेहमीचं ‘पीसी’ मॉडेल निवडलं, तर कालपरवा विकत घेतलेल्या सर्व्हरवरही आतल्या मशीनला वाटतं की आपण इंटेलच्या ४४०एफएक्स चिपसेटवर चाललो आहोत. तो चिपसेट १९९६ चा. नक्कल हुबेहूब असल्यामुळे जवळपास कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम विनातक्रार सुरू होते, पण बारीकसारीक हालचालीला प्रोसेसरला थांबून नक्कल वठवत बसावं लागतं आणि वेग मार खातो. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी मांडलेल्या व्हर्टआयओ पद्धतीत ही नक्कलच सोडून दिली आहे. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे आतल्या ड्रायव्हरला ठाऊक असतं, आणि तो बाहेरच्या सर्व्हरशी सामाईक मेमरीतून थेट देवाणघेवाण करतो. डिस्क आणि नेटवर्क यांचं काम त्याने छान भागतं.

ग्राफिक्स कार्डाचं भागत नाही. त्याच्यातल्या हजारो कोअरचं काम शेवटी प्रोसेसरनेच करायचं, तर कार्ड घेतलं कशाला? खरं कार्डच आत पोचायला हवं. यालाच पासथ्रू म्हणतात.

ही गरज आजची नाही. १९७२ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या व्हीएम/३७० मध्ये प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची नोंद एका डिरेक्टरीत असे, आणि त्या नोंदीत ‘डेडिकेट’ अशी ओळ लिहून खरं उपकरण त्या मशीनच्या नावे करता येत असे. टेप ड्राइव्हसारखी वस्तू दोघांनी एकाच वेळी वापरणं शक्यच नव्हतं. ती एकाच्या हवाली करणं हाच मार्ग होता. आपल्या टेबलावरच्या पीसीच्या घराण्याला मात्र इथवर यायला फार वेळ लागला. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये दिली. २००७ च्या सुरुवातीला लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत, ही सोय वापरून व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम आलं. इस्रायलच्या क्युमरानेट कंपनीत अवी किविटी यांनी ते लिहिलं होतं. त्यामुळे प्रोसेसर वाटून घेण्याचा प्रश्न बराचसा सुटला. कार्डांचा राहिला.

तो का राहिला हे मॅडम नव्या प्रशिक्षणार्थींना आवर्जून समजावून सांगतात, कारण पुढची सगळी खटपट त्यातूनच निघते. ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड प्रत्येक बाइटसाठी प्रोसेसरला विचारत बसत नाही. ड्रायव्हर त्याला मेमरीतला पत्ता देतो आणि कार्ड थेट तिथे लिहितं-वाचतं. याला डीएमए म्हणतात. आता प्रत्येक व्हर्च्युअल मशीन समजतं की आपली मेमरी शून्यापासून सुरू होते. मोठ्या सोसायटीत प्रत्येक विंगमध्ये १०१ नंबरचा फ्लॅट असतो, आणि पार्सलवर नुसतं ‘१०१’ लिहिलेलं असलं तर ते कुठल्याही विंगेत जाऊन पडेल. तसंच इथे होतं. आतल्या ड्रायव्हरने दिलेला पत्ता कार्डाने जसाच्या तसा खरा मानला, तर ते दुसऱ्याच मशीनच्या, नाहीतर थेट होस्टच्या, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरच्या, मेमरीवर लिहील. सर्व्हर तिथल्या तिथे कोसळेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळणार नाही आणि कुणाच्या तरी डेटामध्ये चुपचाप कचरा भरत राहील.

हे थांबवतं ते आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी एएमडी-व्हीआय. प्रत्येक डीएमए विनंतीबरोबर ती करणाऱ्या कार्डाची ओळख येते. त्या ओळखीवरून आयओएमएमयू त्या कार्डासाठी ठेवलेला तक्ता उघडतं, पत्ता योग्य त्या मेमरीकडे वळवतं, आणि हद्दीबाहेरची विनंती परतवून लावतं. लिनक्समध्ये याचा नीट उपयोग करून घेणारी व्हीएफआयओ ही व्यवस्था २०१२ मध्ये ३.६ या आवृत्तीत दाखल झाली. सिस्कोच्या टॉम लायन यांनी तिची सुरुवात केली होती आणि रेड हॅटच्या अ‍ॅलेक्स विल्यमसन यांनी ती नव्याने बांधून लिनक्सच्या मुख्य कर्नलपर्यंत नेली. आज केव्हीएमवरचा पासथ्रू तिच्याच आधाराने चालतो.

मॅडमच्या कामाची सुरुवात बायोसमधून झाली. व्हर्च्युअलायझेशनची खूण तिथे आधीच चालू होती, पण आयओएमएमयूची वेगळी असते आणि ती बंद होती. शिवाय ‘४ जीबीच्या वरचे पत्ते’ वापरू देणारी तिसरी एक खूण असते. मोठ्या मेमरीच्या कार्डाला आपली खिडकी उघडायला तेवढी जागा लागते. तीही चालू केली. कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत आयओएमएमयूचा उल्लेख घातला, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि मग त्यांनी ग्रुपची यादी काढली.

या यादीवर सगळा खेळ ठरतो. आयओएमएमयू ज्या उपकरणांना एकमेकांपासून खात्रीने वेगळं ठेवू शकतं, त्यांचे कर्नल वेगवेगळे ग्रुप करतं. ज्यांच्याबद्दल खात्री नाही, ते सगळे एका ग्रुपमध्ये. पूर्ण ग्रुप एकाच मालकाकडे असायला हवा, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे चालत नाही. मॅडमच्या स्क्रीनवर कार्डाच्या दोन नोंदी होत्या: शेवटी शून्य असलेली ग्राफिक्सची, आणि शेवटी एक असलेली, एचडीएमआयमधून आवाज पाठवणाऱ्या भागाची. त्या एकत्र असणं स्वाभाविकच होतं, दोन्ही एकाच कार्डाचे अवयव. पण त्याच ग्रुपमध्ये आणखी दोन नोंदी दिसत होत्या. एक मदरबोर्डवरचं नेटवर्क कार्ड आणि दुसरा डिस्कचा कंट्रोलर. हा ग्रुप व्हर्च्युअल मशीनला दिला असता तर सर्व्हर स्वतःच नेटवर्क आणि डिस्क गमावून बसला असता.

कारण बोर्डाच्या रचनेत होतं. वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला, तर खालचा चिपसेटमधून गेलेला. चिपसेटच्या मागची उपकरणं आयओएमएमयूपर्यंत न येता परस्पर एकमेकांच्या मेमरीला हात घालू शकतात. त्यांना तसं करू न देणारी एसीएस नावाची सोय प्रत्येक बोर्डावर असतेच असं नाही. या बोर्डावर चिपसेटच्या बाजूला ती नव्हती. वरच्या स्लॉटमध्ये आधीपासून अनेक डिस्क एकत्र चालवणारं रेड कार्ड बसलेलं असल्यामुळे नवं कार्ड खाली गेलं होतं.

यावर एक झटपट उपाय प्रसिद्ध आहे. कर्नलला एक पॅच लावला की ते सगळ्या उपकरणांना वेगवेगळं मानू लागतं. मुख्य कर्नलने हा पॅच कधी स्वीकारला नाही, आणि त्यामागचं कारण मॅडमना पूर्ण पटतं. पॅचने बोर्डावरच्या तारा बदलत नाहीत. उपकरणं पूर्वीइतकीच एकमेकांपर्यंत पोचू शकतात, फक्त कर्नल तिकडे पाहायचं सोडून देतं. घरच्या मशीनवर गेम खेळणाऱ्याने तो धोका पत्करला तर त्याचा त्याला. पण ज्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांना आतून पूर्ण अधिकार द्यायचे आहेत, तिथे ते करायचं नाही, असं त्यांनी विभागप्रमुखांना स्पष्ट सांगितलं.

मग स्क्रू-ड्रायव्हर निघाला. लॅबचे मामा अशा कामात पट्टीचे. त्यांनी सर्व्हर आडवा केला, दोन्ही कार्डं काढली, ब्लोअरने धूळ उडवली. ‘‘मॅडम, हे वजनदार कार्ड वर घेतलं तर खाली लोंबेल, आधार द्यावा लागेल,’’ असं म्हणून त्यांनी जुन्या कॅबिनेटमधली एक पट्टी काढून टेकू दिला. रेड कार्ड खाली गेलं. तिथे त्याला थोडी कमी रुंदीची वाट मिळाली, पण डिस्कच्या वेगाला ती पुरेशी होती. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा कार्डाचा पत्ता बदललेला होता, आणि त्याच्या ग्रुपमध्ये फक्त त्याचेच दोन भाग होते. कुठल्याही सेटिंगने न सुटणारी गोष्ट स्लॉट बदलल्याने सुटली. तेव्हापासून मॅडम कुठल्याही मदरबोर्डचं पत्रक हाती आलं की आधी त्यातला ब्लॉक डायग्राम बघतात: कोणता स्लॉट प्रोसेसरचा आणि कोणता चिपसेटचा.

यापुढची पायरी म्हणजे होस्टने कार्डावरचा हक्क सोडणं. सर्व्हर सुरू होताना लिनक्स जे कार्ड दिसेल त्याला त्याचा नेहमीचा ड्रायव्हर लावून मोकळं होतं. पासथ्रूसाठी त्याआधीच व्हीएफआयओचा ड्रायव्हर तिथे पोचावा लागतो. तो कार्डाकडून काहीही काम करून घेत नाही, नुसतं ते राखून ठेवतो आणि व्हर्च्युअल मशीन सुरू झालं की त्याच्या हवाली करतो. मॅडमनी कार्डाचे ओळख-क्रमांक सेटिंगमध्ये लिहिले, सर्व्हरची स्वतःची स्क्रीन प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर ठेवली, आणि उपकरणांची यादी पुन्हा काढली. कार्डाच्या नावाखाली ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ म्हणून व्हीएफआयओचं नाव दिसलं. मग आतल्या विंडोजने कार्ड ओळखलं, कार्डाच्या कंपनीचा नेहमीचा ड्रायव्हर बसला, आणि सिव्हिलच्या सरांचा नकाशा तयार होऊ लागला. वेग जवळपास खऱ्या मशीनइतकाच होता. एकदा आयओएमएमयूचा तक्ता भरला की कार्ड आणि आतला ड्रायव्हर यांच्या रोजच्या व्यवहारात मध्ये कुणी पडत नाही, हे त्याचं कारण.

हे सगळं इतकं सुरळीत होण्याआधी जगभरच्या लोकांनी बराच त्रास काढलेला आहे. एनव्हीडियाच्या घरगुती वापराच्या जीफोर्स कार्डांचे ड्रायव्हर पूर्वी आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत असं कळताच काम नाकारायचे. विंडोजमध्ये ‘कोड ४३’ दिसायचा. लोक मग हायपरवायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, खुणा लपवून ड्रायव्हरला चकवायचे. मार्च २०२१ मध्ये कंपनीने स्वतःच ही आडकाठी काढायला सुरुवात केली. एएमडीच्या काही पिढ्यांच्या कार्डांची अडचण वेगळी होती. मशीन बंद झालं की कार्ड मूळ स्थितीत परत यायला हवं, ते येत नसे आणि पूर्ण सर्व्हर बंद-चालू करावा लागे. लुकिंग ग्लास हा प्रकल्प चालवणारे जेफ्री मॅकरे यांनी कार्डाला नीट रीसेट करणारं वेगळं मॉड्यूल त्यासाठी लिहिलं. मॅडमच्या दृष्टीने रीसेटचा मुद्दा जीवनमरणाचा होता, कारण कार्ड तीन मशीनमध्ये आळीपाळीने फिरणार होतं. म्हणून कुणालाही वापरायला देण्याआधी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम रात्रभर चालवला: मशीन सुरू कर, कार्डावर थोडं काम दे, बंद कर, दुसरं सुरू कर. सकाळी लॉग स्वच्छ होता.

फायद्यांबरोबर काय गेलं, हे सांगायची वेळ लवकरच आली. वीजवाहिनीच्या कामासाठी तो सर्व्हर बंद ठेवायचा होता. मेकॅनिकलच्या सरांनी विचारलं, ‘‘मॅडम, परवा वेबसाइटचं मशीन तुम्ही चालू असताना हलवलंत ना? मग आमचं का नाही हलत?’’

‘‘सर, वेबसाइटची सगळी अवस्था मेमरीत आणि डिस्कवर आहे, ती मला उचलता येते. तुमचं अर्धं काम कार्डाच्या पोटात आहे. तिथलं मला वाचताही येत नाही, आणि दुसऱ्या सर्व्हरवर तसं कार्डही नाही.’’

सरांनी सिम्युलेशनची मधली स्थिती साठवण्याचा पर्याय चालू केला आणि वेळ निभावली. पण अडचण खरी आहे. कार्ड जोडलेलं मशीन त्या एका सर्व्हरला खिळून जातं. चालू अवस्थेतला स्नॅपशॉट घेता येत नाही. मेमरीचाही हिशोब बदलतो. एरवी मशीनला ६४ जीबी दिली तरी ते वापरेल तेवढीच खरी जाते. पासथ्रू केला की कार्ड केव्हा कुठे लिहील याचा नेम नसल्यामुळे सगळीच्या सगळी ६४ जीबी पहिल्या क्षणापासून अडकून बसते. आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कागदावर वाटून वेळ मारून नेण्याची जी सवय असते, ती या सर्व्हरवर चालत नाही. चालू मशीन कार्डासकट हलवण्याची सोय लिनक्समध्ये आता येऊ लागली आहे. २०२२ मध्ये ५.१८ या आवृत्तीत त्याचा नवा आराखडा आला. मात्र त्यासाठी कार्डाने स्वतःची अवस्था बाहेर काढून द्यायला हवी, आणि ते करणारी कार्डं मोजकीच आहेत.

हार्डवेअरची क्षमता आत पोचवण्याचा प्रश्न कार्डापुरता नसतो, हे एका विद्यार्थ्यामुळे केंद्रातल्या सगळ्यांसमोर आलं. त्याचा टेन्सरफ्लोचा प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडायचा. स्क्रीनवर एवढंच यायचं: अवैध सूचना. त्याच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नव्हतंच, साधा प्रोसेसर होता आणि तोही नवा. मॅडमनी आतल्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या क्षमतांची यादी काढली. तिच्यात एव्हीएक्स या सूचनासंचाचा शब्द नव्हता. सर्व्हरवर तीच यादी काढली तर शब्द होता. मशीन तयार करताना प्रोसेसरचा प्रकार ‘केव्हीएम६४’ असा राहिला होता. हा प्रकार मुद्दाम जुन्यातल्या जुन्या प्रोसेसरला जुळेल इतका साधा ठेवलेला असतो, म्हणजे मशीन कुठेही हलवता येतं. पण टेन्सरफ्लोच्या तयार पॅकेजांना १.६ या २०१८ च्या आवृत्तीपासून एव्हीएक्स लागतं. प्रोसेसरमध्ये ताकद होती. आतल्या मशीनला तिची खबरच नव्हती.

सर्व्हरचा प्रोसेसर जसाच्या तसा आत दाखवणं एका शब्दाचं काम आहे. तसं केलं की प्रोग्रॅम चालतो, पण ते मशीन कमी क्षमतेच्या सर्व्हरवर चालू अवस्थेत नेता येत नाही. मॅडमनी मधला मार्ग काढला. आपल्याकडच्या सगळ्या सर्व्हरमध्ये सामाईक काय आहे ते तपासलं. सगळे इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीनंतरचे होते, म्हणजे एव्हीएक्स२ सगळीकडे होतं. म्हणून साधारण मशीन्ससाठी ‘एक्स८६-६४-व्ही३’ ही पातळी ठरवली, आणि संपूर्ण प्रोसेसर फक्त त्या मशीन्सना दाखवला जी तशीही कार्डामुळे एका जागी खिळली होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मुलांना व्हर्च्युअलायझेशनची क्षमताही दिली. इतरांना दिली नाही, कारण त्यांना तिचा उपयोग नव्हता.

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबचं दुखणं यूएसबीचं. तिथे स्वस्तातले लॉजिक अ‍ॅनलायझर होते, एफएक्स२ या चिपवर चालणारे. व्हर्च्युअल मशीनला ते जोडले की क्षणभर दिसायचे आणि गायब व्हायचे. मुलं वायर हलवून हलवून थकली. खरी गोष्ट अशी की ही चिप जोडल्यावर आधी एका ओळखीने समोर येते, ड्रायव्हर तिच्यात फर्मवेअर भरतो, आणि मग ती स्वतःला बसवरून काढून नव्या ओळखीने पुन्हा जोडून घेते. तिची घडणच तशी आहे. पासथ्रूची नोंद पहिल्या ओळखीवर केलेली असल्यामुळे दुसऱ्यांदा आलेलं उपकरण होस्टकडेच राहायचं. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन पेट्यांची ओळख सारखीच असते, मग कोणती कुणाकडे जाणार? मॅडमनी ओळखीऐवजी पोर्टवर नोंद केली: या भोकात जे लागेल ते या मशीनचं. जिथे एवढ्यानेही भागेना तिथे एक साधं यूएसबीचं जादा कार्ड बसवून तो पूर्ण कंट्रोलरच मशीनला देऊन टाकला. मामांनी प्रत्येक पोर्टवर मशीनच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

एकच उपकरण अनेकांना खरोखर वाटून देण्याची सोय हार्डवेअरमध्येच असावी, हा विचार नेटवर्क कार्डांनी आधी मार्गी लावला. पीसीआय-सिग या संस्थेने २००७ मध्ये एसआर-आयओव्हीचं मानक काढलं. त्यात एक कार्ड स्वतःच अनेक लहान कार्डांच्या रूपात समोर येतं, प्रत्येकाची ओळख वेगळी, म्हणून आयओएमएमयूलाही ती वेगळी ओळखता येतात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडने २०१३ पासून वेगवान नेटवर्कसाठी हीच पद्धत वापरली. ग्राफिक्समध्ये एनव्हीडियाच्या ए१०० या २०२० च्या कार्डाने मिग नावाची सोय आणली. तिच्यात कार्डाचे जास्तीत जास्त सात भाग होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र मेमरी येते. कॉलेजच्या अंदाजपत्रकात असं कार्ड बसत नाही. म्हणून इथे वाटणी वेळेची आहे. सकाळच्या प्रात्यक्षिकांना लिनक्सचं मशीन, दुपारी मेकॅनिकल आणि सिव्हिल आलटून पालटून, रात्री ज्यांची लांब चालणारी कामं नोंदलेली असतील त्यांची. ठरलेल्या वेळी एक मशीन बंद होतं, कार्ड मोकळं होतं, दुसरं सुरू होतं.

विद्यार्थ्यांना त्यांच्या मशीनमध्ये पूर्ण अधिकार द्यायचे की नाही यावर मोठी चर्चा झाली. मॅडमचं मत द्यावेत असं होतं, कारण ड्रायव्हर बसवल्याशिवाय, मोडल्याशिवाय आणि पुन्हा उभा केल्याशिवाय तो कळत नाही. पण आत पूर्ण अधिकार असलेला माणूस कार्डाला हवं ते सांगू शकतो. २०११ मध्ये राफाल वोयचुक आणि योआना रुटकोव्स्का यांनी दाखवून दिलं होतं की आयओएमएमयू चालू असूनही आत दिलेल्या उपकरणाकडून बनावट इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा, पाठवून हद्द ओलांडता येते. त्यावरचं उत्तर म्हणजे इंटरप्टचीही तपासणी करणारं हार्डवेअर. ते नसेल तर लिनक्स सहसा पासथ्रू करू देत नाही. ‘असुरक्षित इंटरप्ट चालतील’ असं स्वतःहून लिहून द्यावं लागतं. या सर्व्हरमध्ये ते हार्डवेअर असल्याची खात्री करूनच परवानगी मिळाली. याच रुटकोव्स्का यांनी सुरू केलेल्या क्यूब्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पासथ्रूचा उपयोग उलट्या बाजूने केला आहे: नेटवर्क कार्ड मुद्दाम एका वेगळ्या मशीनमध्ये टाकून देतात, म्हणजे बाहेरून हल्ला झालाच तर तो तिथेच अडकावा. मॅडम हे उदाहरण तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी देतात.

कुणाच्या घरी कसला लॅपटॉप आहे यावर त्याने काय शिकायचं हे ठरू नये, असं मॅडमना मनापासून वाटतं. गेल्या वर्षी ज्या मुलांनी या कार्डावर आपले प्रकल्प पुरे केले, त्यांतले कितीतरी जण हॉस्टेलच्या खोलीतून, जुन्या लॅपटॉपवरून, नुसत्या टर्मिनलमधून काम करत होते. सर्व्हर खोलीत त्यांनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

यंदा नव्या सर्व्हरची खरेदी निघाली तेव्हा मॅडमनी मागणीपत्रकात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्या जोडीला चार ओळी वाढवल्या. आयओएमएमयू आणि इंटरप्टची तपासणी दोन्ही हवेत. ग्राफिक्सचा प्रत्येक स्लॉट स्वतंत्र ग्रुपमध्ये हवा. नेटवर्क कार्डाला एसआर-आयओव्ही हवं. आणि हे सगळं खरेदीआधी कॉलेजमध्ये दाखवायला हवं. एका पुरवठादाराचा प्रतिनिधी म्हणाला, ‘‘मॅडम, ही ग्रुपची अट आम्हाला आजवर कुणीच घातली नव्हती.’’ त्यांनी त्याला मशीन घेऊन यायला सांगितलं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, ग्रुपची यादी काढली, आणि खरेदी समितीच्या सरांना बोटाने दाखवलं: दोन स्लॉट वेगळे, तिसरा डिस्क कंट्रोलरबरोबर. प्रतिनिधीने यादीचा फोटो काढून कंपनीला पाठवला. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या बोर्डाचं मशीन घेऊन येणार आहे.